वहिनींची हरकत

वहिनींना 'नाही' म्हणायला फार आवडतं, असा त्यांच्याबद्दल जगभर गैरसमज आहे. जगभर म्हणजे खरोखरच जगभर, उगाच बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. ज्या देशांची नावं त्यांच्या सासूबाईंना उच्चारताही येणार नाहीत, तिथले दाढीवाले बाप्ये वहिनींचं पत्र आलं की आधी पाणी पितात आणि मग उघडतात.

त्याचं असं आहे. संगणकाच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, सगळ्यांना शिस्तीत ठेवायचं काम त्याचं. वहिनींचा ज्या कर्नेलशी संबंध आहे, त्याला कोणी एक मालक नाही. हजारो माणसं तो लिहितात, आणि सगळा कारभार ईमेलवर, उघड्यावर चालतो. कोणी काय सुचवलं, कोणी कोणाला झापलं, ते ज्याला हवं त्याने वाचावं. त्या अवाढव्य पसाऱ्याच्या एकेका कोपऱ्यावर एकेक राखणदार नेमलेला असतो, आणि त्यातल्या एका बारीकशा कोपऱ्याच्या राखणदार म्हणजे आपल्या वहिनी. कोपरा केवढासा, तर जुन्या वजनकाट्यांत बसणाऱ्या एका चिपचा. ऐन पंचविशीत वहिनी काटे बनवणाऱ्या कंपनीत होत्या, तेव्हा त्यांनीच त्या चिपला चालवणारा कोड लिहिला. पुढे कंपनी बंद पडली, वहिनी लिफ्टच्या कारखान्यात लागल्या, पण ते काटे काही बंद पडले नाहीत. प्रसूतिगृहांमध्ये बाळांची वजनं करायला अजूनही तेच वापरतात. त्यामुळे त्या कोडमध्ये कोणाला कानामात्रा बदलायचा असला, तरी तो बदल आधी वहिनींच्या नजरेखालून जातो. यासाठी त्यांना दमडी मिळत नाही. उलट शिव्या मिळतात, त्याही फुकट.

एकदा एकाने वैतागून लिहिलं होतं, की तुम्ही बाई नसून भिंत आहात. वहिनींनी उलट टपाली कळवलं, "भिंत नसेल तर छप्पर कशावर ठेवणार? आणि हो, तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी सुटली आहे, ती काढा."

हा उद्योग त्या रविवारी सकाळी करायच्या, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून. दुसऱ्या टोकाला नवरा पेपर घेऊन. त्याचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका मऊ, की गिऱ्हाइकाने चष्मा परत आणला तर हाच सॉरी म्हणणार. आतल्या खोलीत सासूबाई. ऐंशीच्या घरात, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. सूनबाई नक्की करते काय हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून काही अडलंही नाही. "ती लोकांचे पेपर तपासते," असं त्या शेजारणींना सांगत. काही फार चूक नव्हतं.

तर अशाच एका रविवारी वहिनींनी ईमेलची पेटी उघडली आणि हातातला चहाचा कप होता तिथेच थांबला.

पत्र बारकीचं होतं.

बारकी म्हणजे त्यांची नणंद. सासूबाईंचं शेंडेफळ, नवऱ्याची धाकटी बहीण, आणि धंद्याने तीही ह्याच वाटेची. ती याच गावात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्या कंपनीने तिला काम दिलं होतं, की कर्नेलमधला जुनापुराणा कोड शोधायचा, त्यातली अडगळ काढायची, घासूनपुसून लख्ख करायचा. एका दमात पन्नास कोपरे झाडत सुटली होती ती, आणि त्यात वहिनींचा कोपरा आला. बरं, पत्र तिने काही वहिनींना म्हणून लिहिलेलं नव्हतं. बदल कोणाकडे पाठवायचा हे एक छोटा प्रोग्राम ठरवतो, तो फाइल बघतो आणि राखणदाराचा पत्ता चिकटवून मोकळा होतो. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला काय माहीत, की ह्या दोघींमध्ये गेली दोनेक वर्षं एक शब्द नव्हता!

त्या अबोल्याची गोष्ट आता सांगूनच टाकतो. सासूबाईंच्या खोलीत पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधोमध एक लाकडी खुर्ची असायची. एक पाय डुगडुगता, बसायची सोय नाही, तिच्यावर कोणी बसतही नसे. एकदा वहिनी कामासाठी परगावी गेलेल्या असताना बारकी आईपाशी राहायला आली. बारकीचा स्वभाव म्हणजे काय विचारता, तिला अडगळ दिसली की हात शिवशिवतात. तिने खोली आवरली, खुर्ची भंगारात दिली. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे सासूबाई न्हाणीघराकडे जाताना पडल्या आणि मनगट मोडलं. वहिनी धावतपळत थेट दवाखान्यात. आत सासूबाईंना प्लास्टर घालत होते. बाहेर खुर्ची गेल्याचं ऐकलं मात्र, आणि वहिनींचा जो भडका उडाला! "अगं, त्या खुर्चीला धरून जातात त्या रोज! आईंना तू पाडलंस, बारके!" नर्स, पेशंट, बारकीचा नवरा, सगळ्यांच्या देखत. बारकीने तिथल्या तिथे पर्स उचलली आणि गेली, ती पुन्हा त्या घरी आलीच नाही. भावाच्या फोनवरून आईशी दोन मिनिटं बोलायची, पायरी मात्र चढायची नाही. आईला सांगितलं काय, तर कामात आहे. म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून सगळ्यांनी मिळून तेच लावून धरलं. सासूबाई रविवार आला की दाराकडे बघायच्या. दुपार टळली की म्हणायच्या, "असेल बाई कामात."

हे वहिनींना बघवायचं नाही. पण आपण होऊन फोन करायचा, तर मान आडवी यायची. मान ताठ असण्यात त्या पहिल्यापासून हुशार.

"काय झालं?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं.

"तुमच्या बहिणीचं पत्र आहे."

पेपर खाली आला. "काय म्हणते? येतेय?"

"म्हणते, ही फक्त साफसफाई आहे, वागण्यात काही बदल नाही."

नवऱ्याला वाटलं, बहिणीने स्वतःबद्दल लिहिलंय. वहिनींनी समजावलं, की कोड आवरणारा प्रत्येक जण हे वाक्य लिहितोच. म्हणजे मी फक्त पसारा उचलला, यंत्र पूर्वी जसं वागत होतं तसंच वागेल. या वाक्याइतकं धोक्याचं वाक्य अख्ख्या कर्नेलमध्ये दुसरं नाही. वहिनी चष्मा पुसून बसल्या, आणि खरं सांगायचं तर चूक सापडावी म्हणूनच बसल्या.

बदल अगदी इवलासा. नावं नीट केलेली, दोनदा लिहिलेलं एकदाच लिहिलेलं. सफाईदार काम! वहिनींना मनातल्या मनात कौतुक वाटलं आणि त्याचा रागही आला. आणि मग शेवटी शेवटी ती एक ओळ दिसली. म्हणजे दिसली नाही. बारकीने काढून टाकली होती.

ती ओळ काय करायची ते सांगतो, अवघड नाही. काट्यावरचं आधीचं वजन पुसायचं म्हणून चिपला हुकूम सोडला, की लगेच ही ओळ चिपला विचारायची, तुझं काय चाललंय? चिप उत्तर द्यायची, आणि ते उत्तर कोड फेकून द्यायचा. कुठेच वापरायचा नाही. वरवर बघणारा म्हणणार, उत्तर नकोय तर विचारता कशाला? काढा! पण गोम अशी, की हुकूम कधी कधी वाटेत रेंगाळतो. उत्तर मागितलं, की तो आधी पोचवणं भाग पडतं. वहिनी नवऱ्याला काही सांगतात आणि वर "ऐकलंत का?" म्हणतात, तसंच. पेपराआडून "हं" येतं. त्या 'हं'ला किंमत शून्य. पण 'हं' आल्याशिवाय सांगितलेलं पोचलं असं धरून चालायचं नाही, हे कोणतीही बायको सांगेल.

ती ओळ नसेल तर दहा हजारांतून एखाद्या वेळी काट्यावर आधीच्याच बाळाचं वजन राहणार. आणि त्या वजनावर औषधाचे थेंब ठरतात.

वहिनींचा तिळपापड झाला. परत तेच! दिसलं की काढ! का ठेवलंय, कोणाला विचारायचं नाही, पुसायचं नाही! त्या खाडखाड टाइप करायला लागल्या. पहिल्या मसुद्यात 'नेहमीप्रमाणे' हा शब्द तीन वेळा आला. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"अगं, एवढीशी साफसफाई, हो म्हणून टाक की. तेवढंच निमित्त होईल. आई किती वाट बघते तिची."

"हो म्हणू? आणि उद्या कोणाच्या तान्ह्याला दुप्पट औषध गेलं तर?"

"बरं, मग नाही म्हण. पण गोडीत म्हण."

"गोडीत म्हटलं काय आणि कडू म्हटलं काय, तिला वाटणार मी जुना राग काढतेय. चारचौघांत एकदा बोललेच आहे. आता साऱ्या जगासमोर!"

इथेच खरी पंचाईत होती. नाही म्हणावं तर नणंद कायमची तुटणार, हो म्हणावं तर बाळांच्या जिवाशी खेळ. नवऱ्याने जगातल्या तमाम शहाण्या नवऱ्यांप्रमाणे चहा ठेवायला स्वयंपाकघर गाठलं.

वहिनींनी पुरावा म्हणून जुना कोड उघडला. ओळीच्या वर आपण लिहिलेली टीप असणारच, तीच तिच्या तोंडावर मारू, असा बेत. कोडमध्ये काही विचित्र केलं, की वर दोन शब्दांत कारण लिहायचं, हा तिथला साधा रिवाज. टीप नसली तर वहिनी स्वतः लोकांना सोलून काढत. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. पान मागे नेलं, पुढे आणलं.

टीप नव्हतीच. त्यांनी ती लिहिलीच नव्हती. ही ओळ सापडायला पंचविशीतले कित्येक आठवडे गेले होते, सापडली तेव्हा आनंदाने त्या टेबलावर चढल्या होत्या म्हणे, पण कारण लिहायचं राहून गेलं. त्यांना माहीत होतं ना! मग झालं तर!

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खुर्चीबद्दल तरी बारकीला कोणी सांगितलं होतं? परगावी जाताना औषधं कोणती, गिझर किती वेळ, सगळं फ्रिजवर लिहून गेल्या होत्या. सासूबाई न्हाणीघराकडे जाताना खुर्चीची पाठ धरतात, हे लिहिलं नव्हतं. बघणाऱ्याला ती मोडकी खुर्चीच दिसणार. बारकीने विचारायला हवं होतं, हे खरंच. पण विचारायचं काय, हे तिला कुठून सुचणार?

मसुदा पुसला. नव्याने लिहिलं. पत्रं सगळी इंग्रजीत. त्या भाषेत लहानथोर सगळ्यांना 'यू', त्यामुळे एक अडचण आपोआप मिटली होती.

"हरकत आहे. ही ओळ काढता येणार नाही, कारण खाली देत आहे. मात्र चूक तुमची नाही. ती का आहे हे मी कुठेच लिहिलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. न सांगता समोरच्याला ठाऊक असावं अशी अपेक्षा मी केली, आणि तो दोष माझा. बाकीचं काम सुंदर आहे."

आणि डोळे मिटून पाठवून दिलं. दाढीवाल्या जगात खळबळ! भिंत बाईंनी चूक कबूल केली? एकाने तर त्यांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

बारकीचं मात्र काही नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. वहिनी कारखान्यात लिफ्टचे बोर्ड तपासता तपासता खिशातला फोन बघायच्या. घरी नवरा दारातूनच भुवया उंचावून विचारायचा आणि वहिनी मान हलवायच्या.

आठवड्याच्या शेवटी सुधारलेला बदल आला. ओळ जागच्या जागी ठेवलेली, वर नीटस टीप. त्याखाली रिवाजाप्रमाणे तीन आडव्या रेघा. या रेघांची मोठी गंमत आहे. त्यांच्या वरचं सगळं कर्नेलच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं. खालचं फक्त तपासणाऱ्यासाठी असतं. बदल स्वीकारला, की गळून पडतं. लोक तिथे लिहितात, मागच्या वेळेपासून काय बदललं वगैरे. बारकीने लिहिलं होतं,

"ओळ परत ठेवली. टीप घातली. माझ्याकडे हा काटा नसल्यामुळे तपासून बघता आलं नाही. आईचा हात गारठ्यात दुखतो का अजून?"

वहिनींनी ते वाचलं आणि त्यांना रडूच फुटलं. लॅपटॉपसमोर, सरळ पदराने डोळे पुसत. नवरा घाबरून धावत आला, वाचलं, आणि तोही चष्मा काढून पुसायला लागला.

"आता?"

"आता काय! तपासल्याशिवाय मी मंजूर करत नसते."

त्यांनी उत्तर धाडलं, "काटा माझ्याकडे आहे. येऊन तपासा. हात दुखतो."

झालं! दूरदेशीच्या एका भल्या माणसाने लगेच मध्ये तोंड घातलं, की काटा कुरियरने का पाठवत नाही, खर्च माझी कंपनी देईल. वहिनींनी कळवलं, "यंत्र फार नाजूक आहे, हलवता येत नाही." आता कंपनी बंद पडताना घरी आलेला तो काटा म्हणजे बिडाचं धूड. कपाटावरून उतरवताना नवऱ्याच्या पायावर पडला, तर नवरा लंगडला, काट्यावर चरासुद्धा उमटला नाही.

रविवारी बारकी आली. दारात उभी, लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून, बोर्डाच्या परीक्षेला आल्यासारखी. केस थोडे पिकले होते. दोघी एकमेकींकडे बघून "काटा कुठाय?" आणि "काटा टेबलावर आहे" एवढंच बोलल्या. आत सासूबाईंचा डोळा लागला होता.

कामाला मात्र दोघी वाघिणी. बारकीने आधी मुद्दाम ती ओळ काढलेला कोड चढवला. वहिनी बटाटे ठेवायच्या, उचलायच्या, कांदा ठेवायच्या, उचलायच्या. कितीतरी वेळ सगळं बरोबर. बारकीला वाटायला लागलं, वहिनी उगाच... आणि तेवढ्यात काट्यावर एकुलता एक कांदा होता आणि आकडा चांगल्या पिशवीभर बटाट्यांचा!

"अगं बाई!" बारकी उठूनच उभी राहिली. "खरंच की! हे मी सोडून दिलं असतं जगात!"

"तुला कळणार कसं होतं?" वहिनी म्हणाल्या, आणि मग एकदम, कांदा हातात धरूनच, "बारके, मी दवाखान्यात बोलले ते वाईट बोलले. मला माफ कर. तू नाही पाडलंस आईंना. खुर्चीचं मी तुला सांगितलंच नव्हतं."

बारकीचा चेहरा कसनुसा झाला. "रोज आठवतं गं मला, वहिनी. रोज सकाळी. आईला तोंड कसं दाखवू म्हणून येत नव्हते मी. तुझ्यावर रुसून नाही."

"कसली खुर्ची?"

दोघी दचकल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. बारकीकडे बघून त्यांचा चेहरा असा फुलला, आणि पुढच्याच क्षणी पडला.

बारकी धावली, त्यांच्या कमरेला मिठी मारून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. खुर्ची, भंगारवाला, दवाखाना, दोन वर्षं. वहिनीही मध्ये मध्ये आपला वाटा घालत होत्या. सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"पण मी त्या दिवशी खुर्चीपर्यंत गेलेच कुठे? सपाता उलट्या घातल्या होत्या अंधारात. पलंगापाशीच पडले की."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून नवऱ्याने हळूच विचारलं, "आई, तू बोलली नाहीस कधी?"

"विचारलं का कोणी?" सासूबाई म्हणाल्या. "पडले मी, हात मोडला माझा, आणि तुम्ही परस्पर निकाल लावून मोकळे! मला सांगितलंत, ती कामात आहे. मी दर रविवारी दाराकडे बघायची आणि मनात म्हणायची, लेकीला माझा कंटाळा आला."

बारकी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. अख्ख्या जगाच्या चुका धरणाऱ्या वहिनी, हातात कांदा घेऊन, खाली बघत उभ्या होत्या.